चार लांब काड्या

सगळ्यात आधी कोकिलाबेनचं नाव लिहून ठेवते. सांगता सांगता मी भरकटेन, आईचं सांगत बसेन, मामांचं सांगेन, माकडांचंही सांगेन, आणि जिच्यामुळे हे सगळं झालं तिचं नाव शेवटी घाईघाईत येईल. तसं व्हायला नको. कोकिलाबेन म्हणजे बडोद्याला रावपुऱ्यात टीव्हीच्या अँटेनांचं दुकान चालवणारी बाई. नवरा गेला तेव्हा दुकान आता बंदच होणार असं सगळे धरून चालले होते. दुसऱ्या महिन्यात तिनं स्वतःच्या हातानं शटर वर केलं आणि नवऱ्याच्या स्टुलावर जाऊन बसली. अंगानं भारी, गुडघ्यांनी अधू, चष्म्याची तुटकी दांडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. निम्मं गिऱ्हाईक मराठी, त्यामुळे मराठी बोलायची, पण त्यात गुजराती इतकी मिसळलेली की कुठली भाषा कुठे संपते ते कळायचं नाही. मला ती पहिल्या दिवसापासून ‘बेटा’ म्हणाली. त्या गावात मला त्या वेळी दुसरं कोणी तसं म्हणत नव्हतं.

मी आठवीतून शाळा सोडली. कुडाळच्या खाली आमचं गाव, वडील गेलेले, पाठीवर तीन भावंडं. बडोद्याच्या मामींना संधिवात झाला आणि घरात हाताशी कोणीतरी हवं असं पत्र आलं. हे मामा आईचे लांबचे भाऊ. आईनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी माझी पिशवी भरली. एसटीनं मुंबई, मुंबईहून रात्रीची गाडी. निघाले तेव्हा आई मागच्या अंगणात रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, साली वाळत घालत होती. मी ‘येतंय गे’ म्हटलं. ती ‘सांबाळून जा’ म्हणाली, पण वळली नाही. तिची पाठ आणि लालभडक झालेले कोपरापर्यंतचे हात, एवढंच घेऊन मी निघाले. पुढे दोन वर्षं मी त्या पाठीचा अर्थ लावत होते. एक तोंड कमी झालं म्हणून तिला बरं वाटलं असेल का, असा तो विचार होता. दिवसा कामात विसरायचे, पण भांडी घासताना नेमका वर यायचा.

मामांचं घर म्हणजे रावपुऱ्यातल्याच एका सिमेंटच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, वर गच्ची. मामांचे आजोबा संस्थानच्या काळात खजिन्यात अधिकारी होते, त्याचा ताठा मामांच्या मानेत अजून शिल्लक होता. स्वतः ते शाळेतून निवृत्त झालेले, घरात शुद्ध मराठीच बोललं पाहिजे असा त्यांचा दंडक. तो मोडायच्या मामी, आणि आपण मोडतोय हे त्यांच्या ध्यानातही नसायचं. पहिल्याच सकाळी त्या म्हणाल्या, “सुलू, बारी बंद कर, वांदरं येतील.” बारी म्हणजे खिडकी, हे मला कुठलं माहीत! मी ‘बरी’ ऐकलं आणि म्हटलं, “मी बरी आहे मामी.” तोवर एक काळतोंडं माकड ओट्यावरची केळी घेऊन गेलंसुद्धा. मामा पेपरामागून म्हणाले, “छान. आता तेही बरं आहे.”

मामींच्या हाताला चव होती, पण ती माझी नव्हती. आमटीत गूळ, भाजीत गूळ, रविवारी कोपऱ्यावरून आणलेली सेव-उसळ तेवढी झणझणीत, ती खाताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते तिखटाचं आहे असं मला सांगता यायचं. आमसूल त्या घरात नव्हतं, आंबटाला चिंच. घराचे आवाजही वेगळे. पहाटे दुधाच्या बरण्या, मग स्कूटरींच्या किका, दुपारी माकडांच्या उड्यांनी धडधडणारा समोरचा पत्रा, आणि संध्याकाळी टीव्ही. गावातल्या मनोऱ्यावरून दिल्लीचे कार्यक्रम यायचे. अहमदाबाद हवं असेल तर गच्चीवर उंच अँटेना लागायची. ती मामांकडे होती, क्रिकेटसाठी आणि मामींच्या नाटकांसाठी. मुंबई मात्र कोणालाच दिसत नव्हती. सुरतेकडे दिसते म्हणायचे लोक.

आईला लिहिता येत नव्हतं. पत्रं गावातले गुरुजी लिहून द्यायचे आणि सगळी एकसारखी असायची. ‘येथील सर्व मंडळी क्षेमकुशल. तुझी आई तुझी आठवण काढते.’ ते आईचं वाक्य की गुरुजींचं, हे मी कागद उलटा धरूनही शोधलं असेल. रामनवमीच्या सुमाराला एक पत्र आलं त्यात मात्र नवीन होतं. मुंबई केंद्राची माणसं गावात येऊन गेली होती, सोलं, म्हणजे आमसुलं, कशी करतात त्याचं चित्रीकरण करून. ‘त्यात तुझी आई बोलली आहे. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी सायंकाळी साडेसहाला शेतीच्या कार्यक्रमात दाखवणार आहेत. तिकडे दिसल्यास पाहावे.’ तिकडे दिसल्यास! ते दोन शब्द मी किती वेळा वाचले असतील. आई टीव्हीवर दिसेल, म्हणजे तिचं तोंड दिसेल. दोन वर्षांनी तिचं तोंड.

आणि त्याच आठवड्यात माकडांनी आमची अँटेना मोडली. एक आखाडाच भरला होता वर, दोघं-तिघं लोंबकळली आणि काड्या वाकून खाली आल्या. मामांनी चिठ्ठी लिहून दिली. ‘बारा काड्यांची अँटेना, अहमदाबादसाठी.’ ती घेऊन मी कोकिलाबेनच्या दुकानात गेले. छताला अँटेना उलट्या टांगलेल्या होत्या, माशांच्या काट्यांसारख्या. बेननं चिठ्ठी वाचली, आत हाक मारणार तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, “यात मुंबई दिसेल का?”

“मुंबई?” तिनं चष्मा वर केला. “बेटा, अहींयाथी मुंबई? मामांना शुं झालं?”

“मामांना नाही. मला.”

मग मी सगळं सांगितलं. कोणाला सांगितलं नव्हतं ते, पाठीचंसुद्धा.  ऐकून झाल्यावर बेननं स्टूल सरकवून मला बसवलं आणि शिकवायला लागली, जशी मी गिऱ्हाईक नसून तिची कारागीर आहे.

“बघ. लोकांना वाटतं, जास्ती काड्या म्हणजे जास्ती लांबचं दिसतं. खोटं. कोणाला पकडायचंय ते आधी विचार. प्रत्येक केंद्राची लहर वेगळ्या मापाची. मुंबईची लहर लांब, तिला लांब सळी जोइए. छोट्या बारा काड्यांतून ती निघून जाईल, तुला खबरसुद्धा पडणार नाही.” तिनं कोपऱ्यातून एक धूळ बसलेली अँटेना ओढली. चारच काड्या, पण एकेक माझ्या डोक्याहून उंच. “ही माझ्या मिस्टरनी बनवलेली. यात मुंबई पकडायचे ते. रोज नाही. वर्षातले थोडे दिवस. आणि सळी कायम आडी ठेवायची, जमिनीबरोबर. एखादं केंद्र असं असतं की त्याला ऊभी लागते, ते वेगळं.” तिनं हात आधी आडवा आणि मग उभा धरून दाखवला. “मुंबईला आडी.”

“आणि अहमदाबाद?”

“येईल. थोडं झांखं येईल. खोटं नाही बोलणार.” झांखं म्हणजे अंधुक. तिनं चार काड्यांवरची धूळ पुसली. “आता तू ठरव. मामांची बारावाली देऊ, का ही?”

आयुष्यात तोवर मी काही निवडलं नव्हतं. शाळा सुटली, गाव सुटलं, ते सगळं माझ्यावतीनं झालं होतं. आज मागे पाहते तेव्हा हसू येतं, की माझी पहिली निवड म्हणजे अॅल्युमिनियमच्या चार काड्या. पण तेव्हा मी मामांच्या चिठ्ठीकडे बघत होते. मामा रागावले आणि गावी परत पाठवलं तर आई काय म्हणेल? आणि नाही घेतली तर आईला पाहणार कशी? मी म्हटलं, “ही.”

भर बाजारातून ती डोक्यावर आडवी धरून मी निघाले तेव्हा स्कूटरवाले माना खाली घालून जात होते. एक रिक्षावाला म्हणाला, “बेन, विमान उतरवायला निघालात का?” घरी मामांनी आधी चिठ्ठीची आठवण करून दिली, मग काड्या मोजल्या.

“बारा सांगितल्या होत्या. चारच आल्या. बाकीच्या वाटेत गळल्या का?”

मी खाली मान घालून खरं ते सांगितलं. मुंबई, बुधवार, आई. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मामांनी एक काडी बोटानं वाजवून पाहिली. मग म्हणाले, “आणि माझी मॅच?”

“अंधुक दिसेल मामा.”

“अंधुक,” ते म्हणाले. “बुधवारपर्यंत राहू दे. गुरुवारी बारा काड्यांची आणायची.” आणि पेपर वर धरला.

अँटेना बसवायला कोकिलाबेनचा माणूस आला, पण हवामानाचं गुपित तिनं मला स्वतः सांगितलं. “संध्याकाळी गच्चीवर जा. बाजव्याकडे रिफायनरीचा धूर दिसतो ना? तो सरळ वर गेला तर खाली येऊन स्वयंपाक कर, मुंबई येणार नाही. पण ज्या सांजेला वारा पडतो आणि धूर वर जाऊन चादरीसारखा आडवा पसरतो, त्या दिवशी टीव्ही लाव. मिस्टर असंच बघायचे.” मी रोज साडेपाचला कपडे काढायच्या निमित्तानं गच्चीवर जाऊ लागले. धूर बहुतेक वेळा वरच जायचा. दोन दिवस आडवा झाला आणि त्या दोन्ही दिवशी, खरोखर, पांढऱ्या ठिपक्यांच्या पावसातून एक बाई मराठीत बातम्या सांगताना दिसली. पहिल्या वेळी मामा पेपर खाली ठेवून उठले, खुर्ची टीव्हीजवळ ओढली आणि बातम्या संपेपर्यंत हलले नाहीत. “उच्चार बघ,” एवढंच मामींना म्हणाले. गुरुवारबद्दल ते त्यानंतर बोलले नाहीत, पण मला विचारायचा धीर नव्हता.

बुधवार उजाडला. सकाळपासून मला जेवण गेलं नाही. दुपारी पत्रा धडधडला, मग डोक्यावर धडधडलं, आणि मी वर धावले तोवर माकडं अँटेनेवर झोके घेऊन निघून गेली होती. काड्या शाबूत, पण तोंड भलतीकडे फिरलेलं. साडेपाचला धूर सरळ वर जात होता. पावणेसहाला थोडा कलला. सहाला वारा पडला, झाडाचं पान हलेना, आणि तो धूर आकाशात एका उंचीवर थांबून आडवा पसरत गेला, कोणीतरी हात फिरवल्यासारखा. मी जिने उतरून तशीच दुकानात पळाले. “बेन, धूर आडवा झालाय आणि अँटेना फिरलीय!” बेननं शटर अर्धं ओढलं आणि आली. तीन जिने चढताना दर वळणावर गुडघा धरून थांबत होती.

ठरलं ते असं. बेन टीव्हीसमोर बसणार आणि खिडकीतून सांगणार, मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून अँटेना फिरवणार. म्हणजे दिसणार ते तिला, मला नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात तोवर आलीच नव्हती. फिरवणाऱ्याला चित्र दिसत नाही. पण मी म्हटलं, आधी लागू तर दे.

“फेरव!” खालून आवाज आला. “अजून! अजून थोडी... ऊभी रे’! ऊभी रे’!”

ऊभी? दुकानात तिनं हातानं दाखवलेलं मला आठवलं. आडी आणि ऊभी. आज मुंबई उभी मागत असेल! रिक्षावाल्याला लोक ‘ऊभी राखो’ म्हणतात हे मी ऐकलं होतं, पण ते रिक्षाला. मी पक्कड लावून नट ढिला केला, तो पूर्ण निघाला, आणि ती चार लांब काड्यांची अँटेना मी कशीबशी वळवून उभी धरली, काड्या आभाळाकडे. खालून किंचाळी आली. “अरे गांडी, शुं कर्युं! बधुं गेलं!” गांडी म्हणजे वेडी, एवढं मला तोवर कळत होतं. मी दचकले, नट हातातून सुटला, कठड्यावर टण्णकन आपटला आणि तीन मजले खाली रावपुऱ्याच्या गर्दीत गेला.

सहा पंचवीस झाले होते. मी टाकीवर अँटेनेला मिठी मारून रडत होते. तेवढ्यात लोखंडी शिडी करकरली आणि कोकिलाबेनचं डोकं वर आलं. त्या गुडघ्यांनी ती त्या शिडीवर कशी चढली, ते आज माझे गुडघे दुखतात तेव्हा मला जास्त कळतं. ती धापा टाकत टाकीवर उभी राहिली, माझ्या हातातून अँटेना घेतली, आडवी केली, डोळे बारीक करून एकदा धुराकडे आणि एकदा दक्षिणेकडे पाहिलं आणि दांडी पाइपाला टेकवून दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

“नट पडला बेन. मला वाटलं तुम्ही उभी...”

“खबर पडी. जा खाली.”

“मी धरते, तुम्ही...”

“बा कोणाची आहे? तुझी का माझी? जा!”

बा म्हणजे आई. मी उतरले. टीव्हीसमोर मामी, खिडकीत मामा. घरात गुजराती शब्द खपवून न घेणारे मामा अर्धे खिडकीबाहेर वाकून वर बघत होते. ठिपके, नुसते ठिपके, मग एक तिरकी रेघ, मग झाडं. मामी ओरडल्या, “आलं!” आणि मामा वर तोंड करून, खणखणीत शाळामास्तरी आवाजात ओरडले, “बेन, ऊभां रे’जो! ऊभां रे’जो!” तेव्हा मला कळलं. ऊभी रे’ म्हणजे थांब. जिथं आहेस तिथंच थांब. तिनं मला अँटेना उभी करायला सांगितलंच नव्हतं, मी बरोबर जागी पोचले होते.

आई दिसली. ठिपक्यांच्या मागे, काळीपांढरी, पण आईच. आमचं अंगण, वाळत घातलेली सोलं, आणि आई कॅमेऱ्याकडे न पाहता हातातल्या सालीकडे पाहत होती. वाळली होती का? थोडी. केस मागे घट्ट बांधलेले, कानात तीच कुडी. आवाज येत होता, जात होता. एक माणूस विचारत होता, हे सगळं तुम्ही एकट्याच करता का? आईनं मान वर केली. सरळ समोर पाहिलं.

“माझां थोरलां चेडू बडोद्याक आसा,” ती म्हणाली. “सोलां करूक तेचोच हात व्हयो. माका तसां जमणा नाय.”

माझी थोरली मुलगी बडोद्याला असते. सोलं करायला तिचाच हात हवा. मला तसं जमत नाही. मामींना ते बोलणं अर्धंच कळलं, त्यांनी मला विचारलं, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या? मी टीव्हीच्या आणखी जवळ सरकले. मग चित्र सरकलं, आंब्याच्या कलमांचं काहीतरी सुरू झालं. सगळं मिळून दोन मिनिटं असतील. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पहिल्यांदाच, आणि लगेच काढूनही घेतला.

गच्चीवर गेले तर बेन तशीच उभी, हात वर, पदर घामानं भिजलेला. कोणी पुरे म्हटलं नव्हतं म्हणून तिनं सोडलं नव्हतं. मी तिचे हात खाली घेतले, ते सरळ होईनात. ती म्हणाली, “कशी आहे तुझी बा? दिसायला कशी?” मी सांगू लागले आणि मला रडू फुटलं. “रहेवा दे,” ती हसली. “कधीतरी मी पण बघेन.”

ते चित्रीकरण महिन्याभरापूर्वीचं होतं, आणि आई त्या दिवशी कशी होती हे मला खरं म्हणजे काहीच कळलं नव्हतं, हा हिशेब मला फार उशिरा सुचला. पाठीचंही मी पुढे विचारलं. आई म्हणाली, हात रातांब्याचे होते, डोळ्यांना लावले असते तर आग झाली असती, म्हणून वळले नाही. गुरुवारी बारा काड्यांची अँटेना आली नाही. त्या उन्हाळ्यातही नाही. मामा अंधुक मॅच बघत राहिले आणि धूर आडवा झाला की मलाच हाक मारायचे, “सुलू, बघ गं, मुंबई आहे का आज.” पुढे एकदोन वर्षांत गल्लीत केबल आली, नदीपलीकडे अकोट्याच्या बंगल्यांवर तव्यांसारख्या डिश बसल्या, आणि चार काड्यांची गरज कोणालाच उरली नाही. मी लग्न होऊन कोकणात परत आले.

आता आई माझ्याकडेच असते. ऐंशी ओलांडलीय, कानांनी कमी, पण सोलं अजून स्वतः परतते आणि अजून म्हणते, माका तसां जमणा नाय. कोकिलाबेन बडोद्यातच, भाच्याकडे अकोट्याला राहते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यानं बरं दिसतं असं फोनवर सांगते आणि दर वेळी विचारते, बा केम छे? इतकी वर्षं मी नुसतं ‘मजेत’ म्हणत आले. जिनं हात वर धरून मला आई दाखवली, तिनं माझ्या आईला अजून पाहिलेलं नाही. यंदा रातांबे संपले, सोलं भरून झाली की मी आईला गाडीत बसवणार आहे, बडोद्याला नेणार आहे आणि कोकिलाबेनच्या समोर खुर्चीवर बसवणार आहे, उजेडात, तिच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला. आई गाडीला घाबरते, कुरकुर करेल, पण नेणार. काल फोनवर बेनला तसं सांगितलं. ती म्हणाली, “जल्दी कर बेटा, आता मी किती दिवस?” मी म्हटलं, येतेय बेन. ऊभां रे’जो.